पेवात उतरण्याआधी

मतमोजणीचा दिवस. सकाळचे सव्वानऊ.
गणपती पेठेत चौगुल्यांच्या ऑफिसात दोन पडदे:
एकावर आघाडी-पिछाडी, दुसऱ्यावर निफ्टी.
दोन्हीकडे तांबडं-हिरवं.
चष्मा घरी राहिला तर कळायचं नाही
सरकार पडतंय का सिमेंट.

मी भूपाल मगदूम.
छत्तीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी.
माझ्याकडे शेअर अकरा कंपन्यांचे,
त्यातली एकही अशी नाही
जिचा माल मी हातात धरून पाहिला नाही.
साबण, पंपाची मोटर, दारं रंगवायचा डबा.
त्रिशला म्हणते, तुम्ही शेअर घेता का वांगी?
वांगीच. देठ बघून.

पुतण्या अकलंक पुण्याहून फोन करतो:
काका, त्रिशंकू आली तर दहा टक्के खाली,
बहुमत आलं तर सात टक्के वर.
आत्ता ठरवा, नंतर उशीर होतो.
त्याच्या मागं कसलंसं मशीन फुसफुसतंय.
मी विचारतो, नाष्टा केलास का.

हरिपूरला आमच्या शेठची सहा पेवं होती.
वीस हात खोल, आणि तोंड
माणूस जेमतेम मावेल एवढं.
वर्षभर लिंपलेलं पेव फोडलं
की तात्या हमाल आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
आम्ही काठावर. कोणी बोलायचं नाही.
ज्योत काजळून मिटली तर आत वारा नाही.
तोंड उघडं टाकायचं, घरी जायचं, उद्या यायचं.
ज्योत राहिली तर उतरायचं,
तेही कमरेला दोर लावून.

एकदा दादू थांबला नाही.
नवं लग्न होतं, पोत्यावर मजुरी होती.

तर आज मीही कंदील सोडलाय.
एका बँकेचे चार शेअर, फक्त चार.
चौगुल्यांचा पोरगा हसला:
आजोबा, एवढ्यात चहा तरी निघेल का?
चहा घरी पिऊन आलोय, बाळा.
ज्योत हलतीय. बघतोय.

सौद्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत.
रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची,
वर चेहरा देवदर्शनाला आल्यासारखा.
आता खाती तशीच ठरतात म्हणे,
निवडून आलेले कुठल्याशा रिसॉर्टवर, वरून रुमाल.
चालायचंच.
पण आमच्या रुमालातून जो भाव बाहेर यायचा
तो निदान वजन होईपर्यंत टिकायचा.

अकराला बाजार नऊशेनं खाली.
खुर्च्या मागं सरकल्या.
बेडगचा एक मास्तर उभा राहून
विका, विका म्हणत होता, कोणाला ते कळेना.
साबणाची कंपनीसुद्धा पडली, साडेसात रुपये.
मी विचार केला: हरलेला उमेदवार
उद्या आंघोळ करणार का नाही?
जिंकलेला तर गुलाल धुवायला दोन वड्या घेईल.

हे अकलंकला सांगितलं असतं तर म्हणाला असता,
काका, हे विश्लेषण नव्हे.
नसेल.
आमच्या शेठचंही विश्लेषण पक्कं होतं:
इथवर पाणी कधी आलेलं नाही,
आजोबांनी सांगितलेलं, पणजोबांनी सांगितलेलं.
मग त्या साली कृष्णा आली
आणि सहाच्या सहा पेवांत उतरली,
कंदील न सोडता.
भाद्रपदापर्यंत कुजल्या हळदीचा वास कपड्यांना होता.
तेव्हापासून माझं थोडं पोस्टात, थोडं बँकेत,
आणि गेलं तरी दोन वेळची भाकरी सुटणार नाही
एवढंच इथं.

साबणाचे दोन घेऊ का?
हात खिशापर्यंत गेला, तिथंच राहिला.

साडेतीनला बाजार मिटला.
कोणाचं सरकार, अजून नक्की नाही.
विश्रामबागेकडून फटाके ऐकू आले,
चौगुले म्हणाले, कोणाचे असतील?
दोन्हीकडच्यांनी आणून ठेवलेत, मी म्हटलं,
पैसे दिलेत म्हणजे वाजवणारच.

चप्पल शोधली.
दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं आमच्यात.
चार शेअर आहेत तिथंच आहेत,
दोरी माझ्या हातात.
उद्या येऊन पुन्हा वाकून बघेन.